वारा बदलला तर क्रम बदलायचा का? सिडनी विमानतळावरील ओएसिस प्रणालीचा प्रकरण अभ्यास

बहु-एजंट प्रणाली म्हणजे स्वतःहून काम करणारे अनेक प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, मिळून चालवतात ती प्रणाली. तिच्याबद्दल वाचायला बसले की दोन वेगळ्या जगांतले साहित्य हाती येते. एकीकडे धारणा, उद्दिष्टे आणि संकल्प यांचे तर्कशास्त्र, सूत्रे, सिद्धता. दुसरीकडे संदेशांच्या रांगा, टाइमआउट, लॉग आणि मध्यरात्री बंद पडलेली सेवा. पहिल्या जगातले काय दुसऱ्यात उतरले, काय वाटेत गळाले, आणि जे गळाले ते विचारपूर्वक सोडले की नकळत सुटले, हे सांगणारे लेखन फार थोडे आहे. म्हणूनच १९९० च्या दशकातले ओएसिसचे प्रकरण मला आजही अभ्यासण्याजोगे वाटते. ज्यांनी सिद्धांत मांडला त्यांनीच तो प्रत्यक्षात आणताना कुठे कात्री लावली हे छापून ठेवले, अशी उदाहरणे या क्षेत्रात बोटावर मोजण्याइतकी आहेत.

ओएसिस ही सिडनी विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा क्रम लावण्यासाठी केलेली प्रणाली. मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन आर्टिफिशियल इंटेलिजन्स इन्स्टिट्यूटमध्ये तिच्यावर काम झाले. आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ हे तिथलेच संशोधक. जून १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बहु-एजंट प्रणालींवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे या दोघांनी धारणा-इच्छा-संकल्प, म्हणजे बीडीआय, या सिद्धांताचा व्यवहारापर्यंतचा प्रवास मांडला आणि उदाहरण म्हणून ओएसिस घेतली. त्या वेळी प्रणाली रडारवरून थेट माहिती घेत होती आणि नेहमीच्या कामकाजाला समांतर अशी तिची चाचणी चालू होती. एका वेळी सत्तर-ऐंशी एजंट चालतील एवढा तिचा पसारा होता.

तिने करायची कामे पाच: प्रत्येक विमान कधी पोहोचेल याचा अंदाज काढणे, विमानांचा चांगल्यात चांगला क्रम लावणे, त्या क्रमानुसार प्रत्येकाला उतरण्याची नवी वेळ देणे, ती वेळ साधण्यासाठी सूचना सुचवणे, आणि विमान त्याप्रमाणे येते आहे की नाही यावर लक्ष ठेवणे.

चार विमानांचे गणित

यादी साधी दिसते. अडचण कुठे आहे हे कळायला थोडा हिशेब करून पाहावा लागतो.

उडत्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून मागे हवेचे भोवरे सुटतात, आणि विमान जितके जड तितके ते जोरकस असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अनेक वर्षे वापरात असलेल्या तक्त्यात जड विमानामागे जड असेल तर ४ नॉटिकल मैल, मध्यम असेल तर ५ आणि हलके असेल तर ६ असे अंतर ठेवायला सांगितले आहे. पुढचे विमान मध्यम आणि मागचे मध्यम किंवा जड असेल तर भोवऱ्यांसाठी वेगळे अंतर लागत नाही, रडारवरचे किमान अंतर पुरते. ते इथे ३ मैल धरू.

आता दोन जड आणि दोन मध्यम विमाने घ्या. जड, मध्यम, जड, मध्यम असा क्रम लावला तर मधली अंतरे ५, ३ आणि ५, म्हणजे एकूण १३ मैल. मध्यम, मध्यम, जड, जड असा लावला तर ३, ३ आणि ४, म्हणजे १० मैल. विमाने तीच, धावपट्टी तीच, आणि ३ मैलांची बचत. जमिनीच्या हिशेबाने १४० नॉट, म्हणजे ताशी १४० नॉटिकल मैल, वेगाने येणाऱ्या विमानाला ३ मैल कापायला सुमारे ७७ सेकंद लागतात. म्हणजे नुसत्या क्रमाच्या बदलाने चार विमानांमागे आणखी एका विमानाला जागा झाली. गर्दीच्या वेळी ही बचत मोठी आहे.

पण हवा तसा क्रम लावायची मुभा नसते. मागे असलेल्या मध्यम विमानाला पुढे आणायचे तर पुढच्या जड विमानाला हळू करावे लागते किंवा आकाशात घिरट्या घालायला लावावे लागते, आणि त्यात इंधन जळते. एखाद्या विमानाला कुठवर वेग वाढवता येईल यालाही मर्यादा आहे.

त्यात वारा. समजा एक विमान ठरलेल्या बिंदूपासून ६० मैलांवर आहे, हवेतला त्याचा वेग ४२० नॉट, आणि समोरून ३० नॉटचा वारा आहे असे धरून आपण वेळ काढली. जमिनीवरचा वेग ३९०, म्हणजे सुमारे ५५४ सेकंद. प्रत्यक्षात वारा ६० नॉटचा निघाला तर वेग ३६० आणि वेळ बरोबर ६०० सेकंद. फरक ४६ सेकंदांचा. ७७ सेकंदांच्या फटीत बसवलेले विमान ४६ सेकंद उशिरा आले तर मागच्याची जागा गेली, आणि त्याच्या मागच्याचीही.

म्हणजे निर्णय घेताना जी माहिती होती ती निर्णय अमलात येईपर्यंत शिळी होते. शिवाय उद्दिष्टे एकमेकांशी भांडतात: या विमानाने अमुक वेळी उतरावे हेही हवे आणि धावपट्टी सतत वापरात राहावी हेही हवे. राव आणि जॉर्जेफ यांनी अशा कामांची जी वैशिष्ट्ये सांगितली त्यांतले एक मला सर्वात महत्त्वाचे वाटते. हिशेब करायला लागणारा वेळ आणि परिस्थिती बदलण्याचा वेग यांचे काहीतरी वाजवी प्रमाण असावे लागते. उत्तम क्रम सापडेपर्यंत वारा फिरलेला असेल तर तो क्रम उत्तम असून काय उपयोग?

सिद्धांताने हातात काय दिले

१९८७ मध्ये तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांनी माणसाच्या व्यवहारी विचारात संकल्पाला स्वतःचे वेगळे स्थान असल्याचे मांडले. माणसाकडे विचार करायला वेळ कमी असतो. म्हणून तो एकदा ठरवतो, ठरवलेले धरून ठेवतो आणि पुढचा विचार त्या चौकटीत करतो. केलेला संकल्प त्याच्याशी न जुळणारे पर्याय आधीच गाळतो, त्यामुळे प्रत्येक क्षणी शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.

राव आणि जॉर्जेफ यांनी १९९१ पासून या विचाराला तर्कशास्त्राचे रूप दिले. त्यांची बांधणी निर्णयवृक्षापासून सुरू होते. निर्णयवृक्षात काही फाटे आपल्या हातातले असतात आणि काही नशिबाचे. नशिबाचा प्रत्येक फाटा वेगळा काढला की अनेक संभाव्य जगे मिळतात, आणि प्रत्येक जगात फक्त आपल्या हातातले फाटे उरतात. कोणती जगे एजंटला शक्य वाटतात ती त्याची धारणा, कोणती हवीशी वाटतात ती इच्छा, आणि ज्यांच्या दिशेने जायचे त्याने ठरवले आहे तो संकल्प. शक्यता आणि लाभ यांचे आकडे हाताशी नसतानाही तर्क चालतो, हे या मांडणीचे बळ.

पण प्रणाली बांधणाऱ्याच्या दृष्टीने सिद्धांताची खरी देणगी दुसरी आहे: बांधिलकीचे तीन प्रकार. आंधळी बांधिलकी असलेला एजंट काम झाल्याची खात्री पटेपर्यंत संकल्प सोडत नाही. एकनिष्ठ बांधिलकी असलेला, काम अजून शक्य आहे असे त्याला वाटते तोवर धरून ठेवतो. खुल्या मनाचा एजंट, ते उद्दिष्ट अजून त्याला हवे आहे तोवरच. १०:१४ ला धावपट्टीला टेकायचे, असा संकल्प असलेल्या विमान-एजंटवर हे लावून पाहा. पहिला एजंट वारा कसाही फिरला तरी १०:१४ साठी वेग वाढवत राहील. दुसरा, १०:१४ आता होत नाही हे कळताच सोडेल. तिसरा, क्रम लावणाऱ्याने वेळ बदलली की सोडेल. तीन सूत्रांतून तीन वेगळी वागणी निघतात, आणि कोणते हवे हे बांधणाऱ्याला नाव घेऊन सांगता येते. कोडमधल्या एखाद्या अटीत दडलेला निर्णय इथे उघड्यावर येतो.

कात्री कुठे लागली

सूत्रांपासून चालत्या प्रोग्रॅमकडे जाताना त्यांनी मध्ये एक पायरी ठेवली: एक अमूर्त इंटरप्रिटर, म्हणजे एजंट पायरीपायरीने कसा चालवायचा याचा आराखडा. तो एका चक्रात फिरतो. आलेल्या घटना पाहून पर्याय काढतो, त्यांतले काही निवडतो, निवडलेल्यांची संकल्पांत भर घालतो, एक कृती करतो, बाहेरून आलेल्या नव्या घटना घेतो, आणि शेवटी जे साधले ते आणि जे अशक्य ठरले ते टाकून देतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि लगेच त्यांनी कबूल केले की हा असाच्या असा चालणार नाही. तर्कशास्त्रानुसार एजंटच्या धारणांत त्या धारणांपासून निघणारे सगळे निष्कर्षही येतात, आणि ते सगळे काढणे गणनेच्या आवाक्याबाहेरचे आहे. पर्याय काढणे आणि निवडणे वेळेत होईल याचीही हमी या आराखड्यात कुठे नाही.

म्हणून त्यांनी तीन गोष्टी साध्या केल्या. धारणा फक्त आत्ताच्या स्थितीबद्दल ठेवल्या, त्याही सुट्या, ठाम विधानांच्या रूपात. त्यांत ‘किंवा’ नाही, ‘जर-तर’ नाही. उद्दिष्ट कसे साधायचे हे योजनांच्या रूपात आधीच लिहून ठेवले: ही योजना कोणत्या घटनेने जागी होते, कोणत्या परिस्थितीत लागू पडते, आणि मग कोणती पावले टाकायची. आणि संकल्प म्हणजे अर्धवट चाललेल्या योजनांची चळत. वरची योजना पूर्ण झाली की खालची पुढे सरकते. अशा अनेक चळती एका वेळी असू शकतात. काही समांतर चालतात, काही एखादी अट पूर्ण होईपर्यंत थांबून राहतात. या घडणीचा पाया पीआरएस (प्रोसीजरल रीझनिंग सिस्टिम) ही आधीची प्रणाली होती. जॉर्जेफ आणि एमी लान्स्की यांनी ती १९८० च्या दशकात एसआरआय इंटरनॅशनल या अमेरिकी संशोधन संस्थेत घडवली, आणि अवकाश शटलच्या दिशा-नियंत्रण यंत्रणेतले बिघाड हाताळण्यासाठी ती वापरून पाहिली गेली होती.

या तिन्हींपैकी दुसरी काटछाट सर्वात खोल आहे असे माझे मत आहे. मूळ सिद्धांतात एजंट पुढच्या जगांचा विचार करतो. व्यवहारात तो विचार योजना लिहिणाऱ्या तज्ज्ञाने आधीच करून ठेवलेला असतो, आणि एजंट फक्त आत्ताच्या परिस्थितीला कोणती योजना जुळते हे पाहतो. भविष्याचा विचार प्रणाली चालू असतानाच्या क्षणातून काढून ती रचली जाते त्या काळात नेला. त्यामुळे वेग मिळाला. त्याची किंमत अशी, की ज्या परिस्थितीसाठी योजनाच लिहिलेली नाही तिथे एजंटपाशी पर्याय उरत नाही, मग त्याच्या धारणा कितीही अचूक असोत.

पहिली काटछाट वाऱ्याच्या उदाहरणात नीट दिसते. ‘वारा ३० नॉट आहे किंवा ६० नॉट आहे’ हे वाक्य अशा एजंटच्या धारणांत लिहिताच येत नाही. कोणता तरी एक आकडा धरावा लागतो. मग अनिश्चितता गेली कुठे? माझ्या वाचनाप्रमाणे ती धारणांतून निघून देखरेखीत गेली. एक आकडा धरून चालायचे, पण विमान प्रत्यक्षात त्या आकड्याप्रमाणे सरकते आहे का हे कोणीतरी सतत पाहायचे, आणि तफावत दिसली की घटना उठवायची. शंका मनात बाळगता येत नसेल तर ती तपासणीच्या रूपात बाहेर ठेवावी लागते. ओएसिसमध्ये मार्ग-तपासणीसाठी स्वतंत्र एजंट होता ही गोष्ट या दृष्टीने पाहिली की तिचे कारण उलगडते. धारणा ठाम ठेवायच्या आणि तपासणारा एजंट मात्र वगळायचा, असे कोणी केले तर सिद्धांतातली अनिश्चितता नुसतीच हरवते.

एजंट कोण, आणि कोण नाही

ओएसिसमध्ये येणाऱ्या प्रत्येक विमानामागे एक विमान-एजंट. शिवाय सगळ्यांसाठी मिळून काही सामाईक एजंट: क्रम लावणारा, वाऱ्याचा नमुना ठेवणारा, समन्वयक आणि मार्ग तपासणारा. विमान आले की एजंट जन्मतो, उतरले की संपतो. ही विभागणी इतकी नैसर्गिक वाटते की तिच्यातले निर्णय नजरेतून सुटतात.

एक तर विमान-एजंट म्हणजे वैमानिक नव्हे. तो जमिनीवरच्या संगणकातला त्या विमानाचा प्रतिनिधी. त्याने काढलेली सूचना आधी क्रम सांभाळणाऱ्या नियंत्रकापुढे जाते आणि मग आकाशात. एजंटच्या व्याख्येत स्वायत्तता पहिल्या ओळीत येते, पण इथे खरी स्वायत्तता माणसांकडेच आहे, आणि ती तिथेच असायला हवी होती. सॉफ्टवेअर एजंटची स्वायत्तता एवढीच, की आपल्या विमानाबद्दलचा हिशेब तो कोणी सांगायची वाट न पाहता करतो.

दुसरे म्हणजे, क्रम लावायला एकच एजंट ठेवला. बहु-एजंट सिद्धांत शिकलेल्या माणसाला इथे वाटाघाटींचा मोह पडणे साहजिक आहे. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली काँट्रॅक्ट नेट पद्धत हाताशी होतीच: व्यवस्थापक काम जाहीर करतो, इतर बोली लावतात, चांगली बोली निवडली जाते. धावपट्टीची प्रत्येक वेळ असे एक काम मानून विमान-एजंटांना बोली लावू द्यायची, ही कल्पना देखणी आहे. पण वरचे चार विमानांचे गणित पुन्हा पाहा. एखाद्या जागेची किंमत तिच्या पुढच्या जागेवर कोण आहे यावर ठरते. जड विमानाने आपल्या जागेसाठी बोली लावली तेव्हा त्याच्या मागे मध्यम येणार की जड हे त्याला माहीत नसते, आणि त्या १ मैलाच्या फरकाचा भार त्याच्यावर नाही, मागच्यावर पडतो. एकेक काम सुटे धरून बोली घेतली तर हा गुंता बोलीत उतरतच नाही.

शिवाय लिलावाची मांडणी मुळात स्वार्थी सहभागींसाठी असते. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीच्या लिलावाचे (सर्वात मोठी बोली जिंकते, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी मोजते) जे विश्लेषण केले त्याचा गाभा हाच, की खरी किंमत सांगण्यातच प्रत्येकाचे हित राहील असे नियम कसे करावेत. ओएसिसमधल्या विमान-एजंटांना खोटे बोलण्याचे कारणच नव्हते. ते एकाच प्रणालीचे भाग होते. वेगवेगळ्या विमान कंपन्यांनी आपापले एजंट आणले असते तर प्रश्न बदलला असता आणि सिद्धांतही दुसरा लागला असता. म्हणून मध्यवर्ती क्रम-एजंट ही मला तडजोड वाटत नाही. कामाचा गुंता जिथे आहे तिथे एक डोके, आणि काम सुटे होते तिथे अनेक एजंट, अशी ती वाटणी आहे.

संकल्पाच्या तर्कशास्त्रातला एक बारीक मुद्दा इथेच कामाला येतो. एखादी गोष्ट करायचा संकल्प केला म्हणजे तिच्या सगळ्या परिणामांचाही संकल्प केला असे होत नाही, यावर हा सिद्धांत भर देतो. विमान हळू करायचा संकल्प असलेल्या एजंटचा, मागच्या विमानाला उशीर व्हावा असा संकल्प नसतो, जरी तसे होणार हे त्याला माहीत असले तरी. तत्त्वज्ञानात हा भेद स्वच्छ आहे. प्रणालीत त्यातून एक प्रश्न उरतो: ज्या परिणामाचा संकल्प कोणाचाच नाही त्याची काळजी कोण घेणार? विमान-एजंट आपल्या विमानापुरते पाहतो. मागच्यावर काय ओढवले हे पाहणारा कोणी नसेल तर प्रत्येक एजंट आपल्या जागी बरोबर आणि सगळी रांग चुकीची, असे होईल. समन्वयाचे काम वेगळ्या एजंटकडे असण्याची गरज मला इथे दिसते.

फेरविचार कधी करायचा

आता मूळ प्रश्न. क्रम ठरला, विमानांना वेळा दिल्या, आणि वारा थोडा बदलला. पुन्हा सगळा क्रम लावायचा?

निर्णयशास्त्राच्या शुद्ध वाटेने गेले तर प्रत्येक बदलावर पुन्हा हिशेब करायला हवा. नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने गेले तर काम सुरू झाले की पूर्ण होईपर्यंत मागे पाहायचे नाही. राव आणि जॉर्जेफ यांनी संकल्पाची गरज नेमकी या दोन टोकांच्या मधली म्हणून दाखवली. प्रणालीपाशी निवडलेल्या वाटेची नोंद हवी, आणि ती नोंद कोणत्या घटनांमुळे पुन्हा उघडायची याचे नियम हवेत.

याला प्रयोगाचा आधारही होता. डेव्हिड किनी आणि जॉर्जेफ यांनी १९९१ मध्ये टाइलवर्ल्ड या बनावट जगात धाडसी आणि सावध एजंटांची तुलना केली. धाडसी एजंट योजना संपेपर्यंत फेरविचार करत नाही. सावध एजंट प्रत्येक पावलाला करतो. जग सावकाश बदलत असेल तर धाडसी सरस ठरतो, कारण तो वेळ विचारात घालवत नाही. जग झपाट्याने बदलत असेल तर सावध सरस ठरतो, कारण निरर्थक झालेल्या कामामागे तो धावत नाही. ठराविक महत्त्वाच्या घटनांवरच फेरविचार करणारे एजंटही त्यांनी तपासले, आणि तो मार्ग फायद्याचा दिसला. हा निबंध सादर झाला ती आंतरराष्ट्रीय परिषद त्या वर्षी सिडनीतच भरली होती.

टाइलवर्ल्डमध्ये चौकटी आणि खड्डे असतात, विमाने नसतात. तिथला ‘जग बदलण्याचा वेग’ हा एकच आकडा विमानतळावर कुठे शोधायचा? याचे उत्तर आगमनाचा क्रम लावणाऱ्या व्यवस्थांच्या रोजच्या वापरात सापडते. अशा व्यवस्थांत साधारणपणे एक सीमा असते: विमान धावपट्टीपासून ठराविक वेळेच्या आत आले की त्याचा क्रम गोठतो, आणि खास कारणाशिवाय हलवला जात नाही. दूर असलेल्या विमानांचा क्रम मात्र माहिती येईल तसा बदलत राहतो.

किनी-जॉर्जेफ यांच्या निष्कर्षाच्या शेजारी ही सीमा ठेवून पाहा. लांबच्या विमानाबाबत अंदाज कच्चा असतो, बदल बरेच येणार असतात, आणि क्रम बदलायला खर्चही कमी लागतो; तिथे सावध एजंट योग्य. जवळच्या विमानाबाबत अंदाज पक्का असतो आणि बदल महाग; नियंत्रकाने दिलेली सूचना मागे घ्यायची, वैमानिकाने पुन्हा वेग जुळवायचा, शेजारच्या तीन विमानांना हलवायचे. तिथे धाडसी एजंट योग्य. म्हणजे प्रयोगात दोन वेगळे एजंट म्हणून पाहिलेल्या दोन वृत्ती इथे एकाच एजंटच्या आयुष्यात एकामागोमाग येतात, आणि त्यांच्यामधली रेघ नकाशावर काढता येते. सिद्धांतातला घटक व्यवहारात सापडणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. सूत्रातली बांधिलकी इथे मिनिटांत मोजता येते, आणि ती मिनिटे नियंत्रकांशी बसून ठरवता येतात.

माणसांच्या बाजूनेही या गोठवण्याला अर्थ आहे. दर अर्ध्या मिनिटाला उड्या मारणारा क्रम गणिताने उत्तम असला तरी नियंत्रक त्याच्याकडे पाहणे सोडून देईल. संकल्प स्थिर असला की दुसऱ्याला त्याच्यावर विसंबून आपले काम आखता येते, हे ब्रॅटमन यांनी माणसांबद्दल सांगितले होते. समन्वयासाठी संकल्प लागतो तो याच कारणाने, आणि नियंत्रक व प्रणाली यांच्यातही तेच लागू आहे.

आजच्या एजंटांकडे एक नजर

भाषा-मॉडेलांवर चालणारे एजंट २०२३ पासून झपाट्याने पसरले. त्यांचा रूढ साचा असा: विचार कर, एक कृती कर, परिणाम पाहा, पुन्हा विचार कर. बीडीआयच्या चष्म्यातून पाहिले तर हा सावध एजंट आहे, प्रत्येक पावलाला फेरविचार करणारा. आणि त्याचा संकल्प बहुधा कुठेही वेगळा नोंदलेला नसतो. तो आतापर्यंतच्या संवादाच्या लांबलचक मजकुरात धारणांसोबत मिसळून गेलेला असतो. मजकूर वाढला की संकल्प झिजतो. मग एजंट मधेच दुसरेच काम हाती घेतो, किंवा संपलेले काम पुन्हा करतो, कारण ‘साधले’ आणि ‘अशक्य झाले’ हे टाकून देण्याचे पाऊल त्या चक्रात नाही. अशी प्रणाली बांधणाऱ्याने निदान संकल्पांची यादी मजकुराबाहेर ठेवावी, प्रत्येकासमोर तो कधी सोडायचा याची अट लिहावी, आणि कोणत्या घटनांवर फेरविचार होईल ते ठरवावे, असे मला ठामपणे वाटते. योजना लिहिणारा तज्ज्ञ इथे नसतो, मॉडेल स्वतः योजना करते, हा फरक मोठा आहे. पण त्यामुळे बांधिलकीचा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

व्यवहाराकडून परत सिद्धांताकडे

ओएसिसनंतर लगेचच एक उलटा प्रवास झाला. बीडीआयचे तर्कशास्त्र आणि चालणाऱ्या प्रणाली यांच्यातले अंतर राव यांना स्वतःलाच खटकत होते. इतक्या काटछाटीनंतर जे चालते आहे ते मूळ सूत्रांचेच रूप आहे, हे सिद्ध करणे अवघड होते. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी चालणाऱ्या प्रणालींपासून सुरुवात केली, त्यांचा गाभा उचलून एजंटस्पीक नावाची छोटी भाषा रचली, आणि तिची प्रत्येक पायरी औपचारिक नियमांनी बांधली. सूत्रे कोडमध्ये उतरवण्याऐवजी कोडलाच सूत्रांचे रूप दिले. पुढे राफाएल बोर्दिनी आणि जोमी ह्यूब्नर यांनी या भाषेचा जेसन हा इंटरप्रिटर, म्हणजे ती भाषा चालवणारा प्रोग्रॅम, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला, आणि ती प्रत्यक्ष वापरता येऊ लागली.

तिथेही एक जागा मोकळी राहिली होती, आणि ती नेमकी व्यवहारातली आहे: योजना फसली तर काय? मूळ एजंटस्पीकमध्ये याचे पुरेसे उत्तर नव्हते. जेसनमध्ये उद्दिष्ट फसणे ही स्वतःच एक घटना झाली, आणि त्या घटनेसाठी वेगळी योजना लिहिता येऊ लागली.

विमानतळावर याचे रूप रोजचे आहे. विमान अगदी धावपट्टीपाशी येते, आणि पुढचे विमान अजून बाजूला झालेले नसते किंवा वारा आडवा होतो. वैमानिक उतरणे रद्द करून पुन्हा वर चढतो. विमान-एजंटच्या चळतीत या क्षणी वरून खाली असे काही असेल: हा वेग राखणे, १०:१४ ला टेकणे, उतरणे. वरचे दोन संकल्प अशक्य झाले. एकनिष्ठ बांधिलकीच्या नियमाने ते लगेच टाकायचे. तिसरा मात्र तसाच आहे. तो टाकला तर त्या विमानाकडे पाहणारे कोणी उरणार नाही. तर्कशास्त्रातल्या बांधिलकीच्या व्याख्येत उद्दिष्ट एकच असते, त्याला मजले नसतात. चळतीला असतात. म्हणून बांधिलकीचा प्रकार एजंटला एकदाच न लावता चळतीतल्या प्रत्येक थराला वेगळा लावावा लागतो: वेगासाठी खुला, वेळेसाठी एकनिष्ठ, उतरण्यासाठी जवळजवळ आंधळा. आणि गोठवलेल्या सीमेच्या आत असलेल्या बाकीच्या विमानांचा क्रम, या एका विमानाला परत कुठे घुसवायचे ते ठरवण्यापुरता, पुन्हा उघडावा लागतो.